दोन खेळाडू द्या, हिरवळ घ्या

"बोल्स खेळता येतं तुम्हाला?" मॉरीनने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले.

शुक्रवारची दुपार होती. लेस्टरबाहेरच्या एका गावातल्या बोल्स क्लबच्या दारात मी उभी होते. मॉरीन क्लबची सेक्रेटरी. सत्तरीची, ताठ, बोलणं हेडमिस्ट्रेससारखं. मी रविवारच्या शूटिंगसाठी तिच्या क्लबची खेळायची हिरवळ मागत होते आणि ती माझ्या बुटांकडे बघत होती.

मी लोकेशन मॅनेजर आहे. डायरेक्टरच्या डोक्यातली जागा जमिनीवर शोधायची, मालकाला पटवायचं, गाड्या कुठे लावायच्या नि टॉयलेट कुठे आहे ते बघायचं, हे माझं काम. एरवी टीव्हीसाठी करते. ही मात्र माझ्या मैत्रिणीच्या मुलीची, तन्वीची शॉर्ट फिल्म होती. बजेट असं, की केटरिंग म्हणजे तिच्या आईच्या हातचा मसालेभात. गोष्ट साधी: एक मराठी आजी इंग्लिश बोल्स क्लबात जाते, मेंबर नाकं मुरडतात, आणि शेवटी आजी हिरवळीवर फुगडी घालते.

ठरलेल्या क्लबच्या हिरवळीला ऐनवेळी बुरशी लागली. त्यांनी भोवती दोरी बांधून टाकली. तन्वीचा रडवेला फोन आला. "मावशी, माझा फिल्म मेली!" ती लेस्टरमध्येच जन्मलेली, मराठी लिंगांशी तिचं कधी जमलं नाही. पण म्हणणं खरं होतं. आजीचं काम करणाऱ्या सुलभाताई सोमवारी तीन महिन्यांसाठी पुण्याला निघाल्या होत्या. त्या परत येईपर्यंत हिवाळा, म्हणजे सगळ्या हिरवळी बंद. रविवार गेला की वर्ष गेलं.

म्हणून मी मॉरीनच्या दारात.

"उद्या शेजारच्या गावाशी आमची वार्षिक मॅच आहे," ती म्हणाली. "माझे दोन खेळाडू आजारी. मॅच सोडून द्यावी लागेल. आम्ही दरवर्षी हरतो, पण सोडलेली कधीच नाही. मला दोन माणसं द्या, रविवारी ग्रीन तुमचं."

"दिली," मी म्हणाले. एक मी. दुसरं कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

गाडीतून सुलभाताईंना फोन केला. त्या लंडनजवळच्या मेडनहेडच्या. फिजिओथेरपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या, हौशी नाटकांत मुरलेल्या.

"ताई, उद्याच येता का? रिहर्सल आहे."

"कसली?"

"मॅचची."

"लहानपणी विटीदांडू खेळलेय. चालेल का गं?"

"पळेल!"

शनिवारी दोघी पांढऱ्या कपड्यांत हजर. बोल्स दिसतो सोपा. लांब एक छोटा पांढरा चेंडू असतो, त्याला जॅक म्हणतात. आपला मोठा गोळा घरंगळत त्याच्या जवळात जवळ न्यायचा. गोम अशी, की गोळ्याची एक बाजू मुद्दाम वेगळी घडवलेली असते. सरळ सोडला तरी तो वळतो.

सुलभाताईंचा पहिला गोळा असा वळला की थेट कडेच्या बाकाखाली गेला आणि कुणाचा तरी चहाचा फ्लास्क आडवा झाला. माझा त्याच्याही पुढे गेला. आमच्या टीमचे कॅप्टन रॉय, वय ऐंशीच्या पुढे, गंभीरपणे म्हणाले, "लव्हली. आता हिरवळीच्या आत ट्राय करा."

मला हसू आवरेना. ताईंना तर मुळीच नाही. त्यांनी नऊवारीसारखा ट्राउझरचा काष्टा मारल्याचा अभिनय केला, "जय भवानी!" म्हटलं आणि गोळा सोडला. तो चुकीच्या बाजूने वळत गेला, शत्रूच्या दोन गोळ्यांमधून वाट काढत आला आणि जॅकला अलगद टेकून थांबला.

"जाय भावानी!" रॉय ओरडले. त्यानंतर दर गोळ्याला सगळी टीम तेच ओरडू लागली. मॉरीनसुद्धा.

मॅच आम्ही दणदणीत हरलो. मॉरीनने मला गेटची किल्ली दिली. "सपाट तळव्यांचे बूट. सगळ्यांना. कॅमेऱ्यालासुद्धा," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी गेट उघडायला गेले तर सगळा क्लब आधीच आत. इस्त्रीचे पांढरे कपडे, सँडविचेस, केक. आम्ही चार एक्स्ट्रा मागितले होते, वीस-पंचवीस आले होते.

तन्वी खूश झाली. पण पहिल्याच शॉटला घोटाळा. आजी आत येते आणि मेंबर तिच्याकडे तुसडेपणाने बघतात, असा सीन होता. सुलभाताई आत आल्या आणि रॉयनी हात हलवला.

"कट! रॉय, तुम्हाला ती आवडत नाही."

"पण आवडते ना."

दुसऱ्या टेकला मागून कुणीतरी "जाय भावानी" पुटपुटलं आणि अख्खी रांग हसत सुटली. साउंडवाला हेडफोन काढून डोळे पुसत होता. पाचव्या टेकनंतर तन्वी माझ्याशेजारी हिरवळीवर बसली.

"मावशी, हे लोक वाईट दिसतच नाही. काय करू?"

"मग नको दिसू देत."

तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग उठली आणि नाकं मुरडण्याचे सगळे सीन तिने तिथल्या तिथे उडवले. उरली एक आजी, जिला खेळ अजिबात जमत नाही, आणि एक क्लब, ज्याला त्याची पर्वा नाही. फुगडीला ताईंनी मॉरीनलाच ओढलं. मॉरीन म्हणाली, हिरवळ खराब होईल. मग तिने बूट काढले आणि अशी गरगर फिरली की कॅमेरामन फोकस विसरला. तोच टेक फिल्ममध्ये आहे.

फिल्म लेस्टरच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये दाखवली. क्लब मिनीबस करून आला. पडद्यावर स्वतःचा कान दिसला तरी टाळ्या. शेवटी तन्वी स्टेजवर गेली आणि म्हणाली, "माझी फिल्म बघायला आलात, थँक यू." लिंग बरोबर आलं म्हणून तिची आई सर्वांत जोरात ओरडली.

लोकेशन मिळवायला माझ्या धंद्यात बरंच शिकवतात. लोकेशनच्या माणसांना आपण आवडलो तर त्यांना फ्रेमबाहेर कसं ठेवायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही.