दोन बोटं जास्त

शर्यतीच्या सायकलीचे बूट कसे पायजे, ते मले पीटीच्या बाईनं सांगतलं अन् मी घरी येऊन बाबाले एका दमात सांगतलं. टाच आतमंदी हलली नाई पायजे! तळ कडक पायजे! पायडलवर लोखंडी पिंजरा असते, त्याले चामड्याचा पट्टा, त्यात पाय असा आवळून बसला का मंग कोणी धरू शकत नाई तुमाले!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी नववीत होती. शर्यत घेऊन जिल्ह्यातून पह्यल्या दोन पोरी नागपूरच्या सायकलीच्या शिबिराले निवडनार होते, तिथंच राहाचं, तिथंच शिकाचं. आई दहावीनंतरच्या लग्नाचं बोलून राह्यली होती, म्हणून मले त्या दोघीत जाचंच होतं. जाचंच!

नालवाडीले आमची भाजीची वाडी, वांगे, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजारात माल घेऊन बाबाच जाये, म्हणून घरच्याईचे जोडेही तोच आणे. पायाखाली खराट्याची काडी धराची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत तोडाची, अन् ती काडी खिशात घालून न्याची.

"हालू नोको वो."

"गुदगुल्या होते न बाबा!"

"शर्यत जिंकनार म्हणते अन् काडीले भेते."

"बाबा, बरोब्बर एवढेच शिवाले सांगजा. सैल नोको."

"हो वो मास्तरीणबाई, हो."

आठ दिवसानं बूट आले. काळेभोर, लेसचे, तळ असा कडक का वाजवून पाहावा. मी घातले, अंगणात चार पावलं चालली, अन् टाच उचलली. बूट खालीच.

बाबा पाहून राह्यला होता. सांभाराच्या जुड्या बांधता बांधता थांबला होता तो. "काडी मोच्याले तुहीच देली, पण वरतून दोन बोटं जास्त सांगतले. लेकराचा पाय वाढते. दोन वर्सं घालशीन आरामात. कसे झाले?"

"एक नंबर!" म्हटलं मी.

काय सांगू? त्याच्या पायात टायरच्या चपला होत्या. मायासाठी त्यानं पह्यल्यांदाच शिवून घेतलेले जोडे होते ते. आमच्याकडं मोठा जोडा म्हणजे जीव लावनं, लहान जोडा म्हणजे पैसा फुकट. मी आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या पुढं कोंबल्या अन् गप बसली.

शर्यत सावंगीच्या रस्त्यावर झाली. अन् मी दुसरी होती, खरंच दुसरी! चढावर जोर लावला, चिंध्या आतमंदी गोळा झाल्या, अन् पाय सटकन बाहेर. बूट पिंजऱ्यात तसाच. नुसता मोजा घेऊन मी रस्त्यावर उभी. बूट काढला, घातला, पट्टा ओढला, तोवर दोघी मांगून निंगून गेल्या. चौथी आली मी.

बाबा शेवटाले उभा होता. "काऊन थांबली वो मधातच?"

अन् मी साऱ्याईसमोर ओरडली, "तुमच्या दोन बोटाईनं थांबवलं मले! तुमाले सांगतलं होतं न सैल नोको म्हणून!"

तो तिथंच खाली बसला, बाई, पोरी, सारे पाहून राह्यले होते तरी. अंगठ्यानं माया बुटाचं टोक दाबून पाह्यलं. आत नुसती चिंधी. ती दबली.

"तवाच काऊन नाई सांगतलं, माय?"

तेवढंच. घरापर्यंत तो सायकल हातात धरून पायीच आला, अन् मी त्याच्या मांगं.

पुढच्या वर्षी बाईची बदली झाली, अन् पोरीईच्या शर्यतीचं नावच कोणी काढलं नाई. माहं लग्न जुळलं. एक दिवस दुपारी पाण्याच्या मोटरच्या खोलीमांगं बसून मी ते बूट घालून पाह्यले. बसले. टाच जराशीही हलली नाई, बोटाईपुढं थोडीशीच जागा, बाईनं सांगतलं होतं तसंच सारं.

तेवढ्यात पाटाकडून बाबा येताना दिसला. मी घाईघाईनं लेस सोडली, बूट पोत्याखाली सारले अन् अनवाणीच उभी राह्यली. बूट आता बरोब्बर बसले हे पाहून तो खुश झाला असता. त्याले तसं खुश होताना मले पाहवलं नसतं.