मुक्याने आणलेली गौर

द्रौपदी राणे दहिसरच्या नदीकाठच्या चाळीत राहते आणि मरोळच्या एका कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. बावीस वर्षांत तिची शिवण कधी उसवून परत आली नाही. मालवणाकडच्या तिच्या वाडीत मात्र तिची ओळख वेगळी होती. लग्न झालं त्या भाद्रपदापासून घरची तेरड्याची गौर व्हाळावरून, म्हणजे ओढ्यावरून, तीच आणायची. त्या वाडीची रीत अशी, की गौर उचलली की उंबरठ्यापर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. बांधावरून, कमरेएवढ्या फुललेल्या गवतातून, मुक्यानेच चालायचं.

सात वर्षांपूर्वी त्याच बांधावर तिला शिंक आली. एक नाही, लागोपाठ अकरा. डोळे लाल झाले, छातीत शिट्टी वाजू लागली. थोरली जाऊ सोनूबाई पुढे झाली. “दी गो ती माझ्याकडे. तुझ्या नाकाक दम नाय.” बायका हसल्या. द्रौपदीही हसली, पण गौर हातातून गेली ती गेलीच. पुढची सगळी वर्षं ती बायकांच्या मागून रिकाम्या हातांनी चालली.

तेरडा सोसत नाही, अशीच तिची समजूत होती. अखेर मुलगी दिशा तिला बोरिवलीला ॲलर्जीच्या डॉक्टर शुभा यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी हातावर वेगवेगळ्या परागांच्या थेंबांची रांग मांडून प्रत्येकावर सुई टोचली. पाव तासात गवताचे दोन थेंब गांधील चावल्यासारखे फुगले. तेरड्याचा थेंब होता तसाच राहिला.

“वैर गवताच्या परागांशी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तेच पराग अगदी थोडे इंजेक्शनातून द्यायचे, हळूहळू वाढवायचे. शरीर त्यांना सरावतं. तीन वर्षं तरी लागतात. मध्ये खंड नको.”

जूनपासून दर शनिवारी द्रौपदी जाऊ लागली. चेतना सिस्टरकडून इंजेक्शन घ्यायचं, अर्धा तास बाकावर बसायचं, पिवळ्या कार्डावर तारीख घालून घ्यायची. मग चतुर्थी आली आणि ती कोणाला न विचारता गावी गेली. कोकणातला माणूस चतुर्थीला जाऊ का म्हणून विचारतो थोडाच! ती परतली तेव्हा कार्डावर तीन शनिवार कोरे होते.

“आता अगदी खालच्या डोसपासून सुरू करतील,” ती दिशाला म्हणाली. “म्हणजे पुढच्या वर्षीची गौरही गेली.”

“मग भर ना तारखा. चेतना सिस्टर तेव्हा रजेवरच होती, तिला काय कळतंय!”

द्रौपदीने पेन घेतलं. कॉलरच्या टोकासारखे नीट, टोकदार आकडे काढले.

शनिवारी चेतना सिस्टरने कार्डावर नजर टाकली, बाटली हलवली आणि औषध सिरिंजमध्ये ओढलं. नेहमीपेक्षा बरंच जास्त. द्रौपदीचा दंड उघडा होता. औषध वर चढताना ती पाहत राहिली आणि तिला बांधावरची ती शिट्टी छातीत ऐकू आल्यासारखं झालं.

“सिस्टर, थांब गं. त्या तारखा मी लिहिल्यात. गावाला होते.”

चेतनाने सिरिंज खाली ठेवली.

“मावशी, तीन पायऱ्या सोडून हा डोस गेला असता ना, तर इथेच श्वास अडकला असता. चतुर्थी आली की माझं अर्धं रजिस्टर कोकणात जातं. पण ते आधी सांगून जातात हो!”

“चुकलं माझं. आता पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून कशाला? डॉक्टरांना विचारते.”

डोस शेवटच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आला. त्या दिवशी द्रौपदी अर्ध्याऐवजी पाऊण तास बाकावर बसली. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी इंजेक्शन महिन्यातून एकदाच घ्यायचं होतं. जुलैतच तिने चतुर्थीच्या तारखा डॉक्टरांपुढे ठेवल्या आणि गाडी पकडायच्या चार दिवस आधी डोस घेतला.

व्हाळावर सोनूबाईने तिच्याकडे बघितलं. “तुका जमात गो?” द्रौपदीने गौर उचलली होती, म्हणून तिने नुसती मान हलवली. बांधावर गवत तसंच फुललेलं. अर्ध्या वाटेवर नाकात हुळहुळलं. ती थांबली, डोळे मिटले, सावकाश श्वास सोडला. हुळहुळ विरून गेली. ती पुन्हा चालू लागली.

गौर पाटावर टेकली आणि द्रौपदी पडवीत येऊन शिंकली. एकदाच.

“आता शिंक, व्हया तितक्या,” सोनूबाई म्हणाली आणि गौर आणणारीच्या पायांवर घालतात तसं तिच्या पायांवर पाणी घातलं.