नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या

अप्पांची गाडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरात वाद झाला की अव्वा, माझी आई, म्हणायची, "थोरलं लेकरू तिकडं शेडात हाय, त्याला इचारा." अप्पा त्यावर काही बोलत नसत. ते कशावरच फारसं बोलत नसत. कारण सांगणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. गाडीला हात लावू नको म्हणजे नको, एवढंच.

दर अमावस्येला ते गाडी धुवायचे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्यातल्या दोन बादल्या ते गाडीसाठी बाजूला काढून ठेवत. फडकं भिजवून, पिळून, सावकाश पुसत बसत. मग लिंबू-मिरची बांधायची, नारळ फोडायचा आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. अव्वा भडकायची. "माणसाला प्यायला न्हाय आन गाडीला नळाचं पाणी! दारात बोअर हाय की." मलाही तिचंच पटायचं. शिकलेला मुलगा ना मी!

तीन वर्षांपूर्वी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गाडी दिसावी म्हणून त्यांची लोखंडी खाट आम्ही खिडकीशी लावली. अमावस्येचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते अर्ध्या तासावर आणलं. बोअरची मोटर लावायची, हिरवी नळी ओढायची, गाडी वरून-खालून धुऊन काढायची, इंजिन सुरू करून बंद करायचं आणि ओल्या गाडीवरच कव्हर टाकायचं.

पहिल्याच अमावस्येला मी नळी ओढली आणि आतून ठणठण ऐकू आली. अप्पा डाव्या हातातल्या चमच्याने खाटेची कांब वाजवत होते. अव्वा दारात आली. "बघ की, वाजवायलेत! गाडीची अंघोळ बघून लई खूश झालेत."

मी खिडकीकडे बघून हात हलवला. अप्पांनी आणखी जोरात वाजवलं. मी नळी गुंडाळून इंजिन सुरू करेपर्यंत ते वाजवत राहिले.

मग दर अमावस्येला तसंच. जो माणूस जन्मात माझ्याशी धड चार वाक्यं बोलला नव्हता, तो आता महिन्यातून एकदा माझ्यासाठी चमचा वाजवत होता. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. ऑफिसात रजा टाकून मी अमावस्या पाळू लागलो.

यंदा उन्हाळ्यात इंजिन सुरू होऊन लगेच मरायला लागलं. शेडात पेट्रोलचा वास, फरशीवर ओला डाग. त्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मला तेव्हा एवढंच हवं होतं: येत्या अमावस्येला गाडी सुरू व्हावी आणि अप्पांनी वाजवावं.

ओळखीतले एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि पाठीवर झोपून आत शिरले. टाकी मागे, पंप पुढे, आणि दोन्ही जोडणारा लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून गेलेला. त्यांनी तो ओढला तर तुकडे हातात आले. ते तुकडे त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. नवा पाइप त्याच वळणांनी वाकवायचा होता.

"वरून बघा साब, कसा चांगला दिसायलाय. आता खालून हात लावा."

खालून भोकं होती आणि पांढरी पुटं. मिस्त्रींनी एक पूट नखाने खरवडलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "खारं पाणी. बोअरचं. कोण मारत होतं हो?"

"आमच्या म्हाताऱ्यानंच मारलं असेल," मी म्हणालो.

खिडकी उघडी होती.

दोन दिवस मिस्त्री नवा पाइप वाकवत होते. जुन्या तुकड्याशेजारी ठेवायचे, बघायचे, पुन्हा जरा वाकवायचे. अमावस्येच्या सकाळी पाइप तयार झाला. बसवण्याआधी ते म्हणाले, "खालचा चिखल जरा धुऊन घ्या."

मी सवयीने हिरवी नळी ओढली. लगेच ठणठण सुरू झाली. मोटर लागली नव्हती, गाडी ठोकळ्यांवर होती, खूश होण्यासारखं काहीही नव्हतं. मी हसून हात हलवला. अप्पा जिवाच्या आकांताने वाजवू लागले.

"नळी नको, साब," मिस्त्री गाडीखालून म्हणाले. "नळाचं पाणी असलं तर बादलीभर आणा."

मी नळी टाकली, स्वयंपाकघरातून भरलेली बादली आणली आणि गाडीपाशी ठेवली.

ठणठण थांबली.

मी खिडकीकडे बघितलं. अप्पा बादलीकडे बघत होते. चमचा चादरीवर पडला होता.

तीन वर्षं ते मला ओरडून सांगत होते आणि मी हसून हात हलवत होतो. प्रत्येक वेळी पाणी जरा जास्तच मारत होतो, त्यांनी आणखी वाजवावं म्हणून.

मिस्त्रींनी पाइप बसवला, टोकं आवळली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. खिडकीतून काहीच आवाज आला नाही. मी आत जाऊन म्हणालो, "अप्पा, चुकलं माझं. बोअरचं पाणी मीच मारलं." त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली होती की माझं तोंड बघायचं नव्हतं, ते कळायला मार्ग नाही.

पंधरा दिवसांत दुसरा झटका आला. डावा हातही गेला. डोळे उघडे असतात, पण त्यांना दिसतं का, याचं उत्तर डॉक्टर देत नाहीत. मिस्त्री म्हणाले होते, टाकीही आतून गंजली आहे, फार दिवस काढणार नाही. मी ती बदलायला सांगितलेली नाही.

अमावस्येला मात्र मी नळाच्या दोन बादल्या भरतो. फडकं भिजवायच्या आधी एकेक बादली उचलून खिडकीसमोर धरतो, हात भरून येईपर्यंत, आणि सांगतो, "अप्पा, नळाचं आहे."