खापरावरचे मांडे आणि लोकांचे मोबाईल

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं. चौथीनंतर लिहायचं कामच पडलं नाही. हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर सांभाळून घ्यावं.

मुलीला धुळ्याला दिली. तिकडच्यांनी काही मागितलं नाही. मागितलं ते मुलीनेच. हळदीला डीजे, स्टेजवर धूर, वर ड्रोन. "आई, बाकीच्यांचे व्हिडिओ बघ. माझंच लग्न साधं दिसलं तर सासरी काय म्हणतील?" मी जळगावच्या एका केटरिंगवाल्या भाऊंकडून उचल घेतली. लग्नांमधे मांडे करून फेडायची ठरली. मुलीला सांगितलं नाही.

खापरावरची पुरणपोळी म्हणजे आमचा मांडा. तो आम्ही मांडवामागे, जमिनीवर चूल मांडून करतो. भाऊंनी ते उपडं मातीचं खापर चुलीसकट टेबलावर चढवलं, वर दिवे लावले, मला उभं केलं. मी पदर नाकापर्यंत ओढला.

"अक्का, लोक मांडा खायला नाही, बघायला येतात. तोंड दिसलं पाहिजे. पदर घ्याल तर दर लग्नाला पाचशे कमी धरीन."

"धरा," म्हटलं. मुलीच्या सासरच्या कुणी ओळखलं असतं तर? एका लग्नसराईत फिटणारी उचल दोन लग्नसरायांवर गेली.

जामनेरच्या लग्नात एक पोरगी म्हणाली, "मावशी, पुन्हा फिरवा ना! माझा मोबाईल चालूच झाला नव्हता."

"आधी हा तर खा, बाई."

"माझं डाएट आहे हो."

मी दुसरा मांडा दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत वाढवला. तिने व्हिडिओ काढला आणि गेली. दोन्ही मांडे उष्ट्याच्या टबात गेले. माझ्या शेजारी पुरण भरणारी म्हातारी म्हणाली, "आते लोके डोयाघाई खातस." म्हणजे आता लोक डोळ्यांनीच खातात. ती हसली. मला हसू आलं नाही. ते पुरण आम्ही पहाटे उठून वाटलं होतं.

दुसऱ्या लग्नसराईत मुलीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. दिवे, खापर, पदरात झाकलेली बाई, तिचे हात. खाली तिचं बोललेलं होतं, "आई, बघ ना किती भारी! माझ्या लग्नात असं काउंटर पाहिजे होतं. तेवढंच राहून गेलं."

ते हात माझे होते. त्याच हातांनी मी तिला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि तिला "छान आहे" एवढंच म्हटलं.

त्या महिन्यात मी एकही लग्न सोडलं नाही. ताप होता तरी सोनगीरला गेले. शेवटच्या लग्नानंतर भाऊ म्हणाले, "अक्का, तुमच्याकडे आता काही बाकी नाही. पुढच्या सालाची उचल देऊ का? पदराचं बघू आपण."

"नको," म्हटलं. हात धुतले आणि गाडीत बसले. उचल सगळी फिटली होती.