दार लावून ऐकायचा बँड

हंगेरीतला एक जुना रॉक बँड आहे. गाणारा आता म्हातारा झालाय, कीबोर्डवाल्याचे केस पांढरेफटक, आणि इतक्या वर्षांनी त्यांचा नवा अल्बम येतोय. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसला जाणाऱ्या बसमध्ये मी ही बातमी फोनवर वाचली. खरं सांगते, पहिला विचार गाण्यांचा आलाच नाही. आला तो अण्णांचा. म्हटलं, आता बरे सापडलात.

अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. जे. पी. नगरच्या घरात आम्ही खाली राहतो, ते वर. माझं सासर पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचं, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. मी बेळगावची. अण्णांनी लग्न केलं नाही, स्पीकर केले. छातीएवढ्या उंचीचे दोन त्यांच्या खोलीत उभे आहेत आणि दर रविवारी सकाळी त्यांचे दोघेतिघे मित्र आणि माझा नवरा त्या स्पीकरांसमोर मांडी ठोकून बसतात; मधली खुर्ची अण्णांची.

तिथला नियम असा. नवं काही आणलं की आधी त्याबद्दल चार शब्द बोलायचे. मग दार लावायचं, आणि गाणं संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. सिनेमाची गाणी असती तर माझी काही तक्रार नव्हती. कॉफीचा ट्रे घेऊन दाराशी थांबायचं, एक गाणं संपलं की आत शिरायचं. पण ह्या असल्या बँडचं एक गाणं म्हणजे कॅसेटची एक अख्खी बाजू. मध्ये फट म्हणून नाही. त्या खोलीतल्या एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही कधी डोक्यात आलं नाही की कॉफी करणारी बाई मग ऐकणार कधी.

आणि बँड आणला कुणी? मी. कॉलेजच्या हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या कॅसेटवर ऐकला होता, कॉपीची कॉपी, अर्धी खरखरच. लग्नानंतर ऑफिसमधला एकजण त्या देशात कामाला गेला, त्याच्याकडून मी त्यांची नवीकोरी सीडी मागवली. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा ऐकायची ती मोठ्या स्पीकरवर. रविवारी वर घेऊन गेले. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. अण्णांनी ती माझ्या हातातून अलगद घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "स्वल्प कॉफी आण गं."

मी म्हटलं, "मी येईपर्यंत थांबाल ना?"

"बघू," अण्णा म्हणाले.

शेजारच्या स्वयंपाकघरात फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन पडत होतं तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचे चार शब्द ऐकू आले. माझ्या बँडबद्दल. मग दार लागल्याचा आवाज आला. मी ट्रे घेऊन बाहेर उभी, आणि भिंतीतून नुसता ड्रमचा धडधडाट. कीबोर्ड नाही, गळा नाही, काही नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. दार उघडलं तेव्हा अण्णांचे डोळे ओले होते. कपाला हात लावून ते म्हणाले, "गार झाली की. तुम्हा बेळगावच्यांना कॉफी जमतच नाही बघ."

त्या दिवसापासून तो "अण्णांचा हंगेरियन बँड" झाला. पुढच्या प्रत्येक सीडीला तेच. मी विचारायचं, त्यांनी बघू म्हणायचं, दार लागायचं. नंतर बसमध्ये हेडफोनवर मी सगळं ऐकलं, पाठ झालं, पण पहिलं ऐकणं ते पहिलं. ते दर वेळी त्यांनी खाल्लं. नवरा म्हणायचा, जाऊ दे गं, मोठे आहेत. मोठे आहेत म्हणूनच तर मी दात खाऊन गप्प होते.

परवा बँडनं अल्बमच्या आधी त्यातलं एक गाणं सोडलं. लांबलचक. मी ते रविवारपर्यंत कानाला लावलं नाही. अण्णाही रविवारच्या आधी ऐकणार नाहीत, एवढे ते नियमाचे पक्के. रविवारी सगळे जमल्यावर मी गोड आवाजात म्हटलं, "अण्णा, आजची कॉफी तुमच्या हातची. एवढा मोठा दिवस, आणि आम्हा बेळगावच्यांना कुठे जमते?"

अण्णा फुलले. "सरी, सरी, करतो की," म्हणत स्वयंपाकघरात गेले.

डबा उघडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी उठले, मधल्या खुर्चीत, त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि चार शब्द बोलले. इतकी वर्षं तोंडात धरलेले होते, चारच कसले. मग नवऱ्याला म्हटलं, "दार लाव." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उठून लावलं. मित्र स्पीकरकडे तोंड करून सरळ बसले. नियम त्यांचाच होता.

गाणं कसं आहे ते इथे सांगणार नाही. म्हाताऱ्याचा आवाज फाटलाय आणि त्या फाटक्या आवाजात तो असा काही वर जातो की मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. मध्ये एकदा कडी वाजली, हलकेच. मी मान वळवली नाही. वाईट वाटलं का? अजिबात नाही. उलट कीबोर्ड जास्तच गोड लागला.

संपल्यावर मीच दार उघडलं. अण्णा ट्रे घेऊन उभे. कपांवर साय धरली होती.

"भिंतीतून नुसता ड्रमच ऐकू येतो की गं," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. "बसा. गाण्याबद्दल बोला की चार शब्द."

ते बसले नाहीत. ट्रे टेबलावर ठेवला, मित्रांकडे पाहिलं, आपल्या खुर्चीकडे पाहिलं. मी तोवर परत तिच्यात बसले होते. मी कप उचलला. कॉफी गारढोण झाली होती, तरी सावकाश प्यायले.

मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अख्खा अल्बम येईल तेव्हा मी येईपर्यंत थांबशील ना?"

"बघू," मी म्हटलं.