मागच्या स्पीकरमधली धाकटी

थोरली दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. धाकट्या बहिणीचं शिलाईचं दुकान होतं. तरुणपणी दोघी एकाच गायनमंडळात होत्या. थोरली पुढे, स्वतंत्र माइकवर. धाकटी मागे, कोरसमध्ये. मंडळाची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात थोरलीने एक सूर इतका लांबवला होता की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. गाल धरून बसलेले म्हातारे पेशंटसुद्धा त्या सुराची आठवण काढायचे. थोरली नुसती हसायची आणि मग दिवसभर हवेत असायची.

यंदा ती रेकॉर्ड डिस्कवर आली. एकाच डिस्कवर दोन तऱ्हा. पहिला, दोन स्पीकरांचा स्टिरिओ, बारीकसारीक आवाजही टिपणारा. दुसरा सराउंड, म्हणजे खोलीभर पाच स्पीकर आणि ऐकणारा मधोमध. थोरलीकडे दोनच स्पीकर होते. स्टिरिओ ऐकून ती तृप्त झाली. तिचे ओठ मिटल्याचंही त्यात ऐकू येत होतं.

मग धाकटीच्या जावयाने दोघींना ऐकायला बोलावलं. त्याच्याकडे पाचही स्पीकर होते. नव्या डिस्कवर कोरस मागच्या स्पीकरांत टाकला होता आणि डावीकडून, पाठीमागून, धाकटीचा आवाज लख्ख येत होता. सगळे माना वळवून मागे बघायला लागले. थोरलीचा जळफळाट झाला.

"गाणारा समोर असतो," ती म्हणाली. "हे काय, कुणीतरी पाठीशी येऊन कानात गातंय."

जावई नरमाईने म्हणाला की मावशी, सभागृहात आवाज चहूबाजूंनी येतोच.

शेवटचं गाणं लागलं. तो लांब सूर समोरून निघाला आणि अर्ध्यावर समोरचे स्पीकर गप्प झाले. सूर मात्र थांबला नाही. तो मागून, डावीकडून चालू राहिला आणि क्षणभराने समोरच्या आवाजाने पुन्हा उचलला. स्टिरिओत दोन्ही आवाज एकाच जागी होते, म्हणून सांधा कळत नव्हता.

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरलीने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"तुझा श्वास तुटला. स्टुडिओची वेळ संपत आली होती. मी सूर धरला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस गं."

घरी जाताना थोरलीला वाटलं, गळ्याचा हेवा एक वेळ परवडला असता. पण इतकी वर्षं लोक आपल्याला डोक्यावर घेत होते आणि ही शेजारी बसून मुकाट काजं-बटणं करत राहिली, याचा हेवा करायचा तरी कसा?

दीड महिना ती धाकटीकडे फिरकली नाही. मग कोटाच्या बाह्या आखूड करायचं निमित्त काढून दुकानात गेली. धाकटीने माप घेतलं. तिथे बसलेल्या गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, नव्या डिस्कवरचं स्टिरिओ ऐकायचं की सराउंड?

"स्टिरिओ," थोरली ताडकन म्हणाली.

धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने नुसती मान डोलावली आणि बाही अर्धा इंच वर दुमडली.