जानेवारीत येणारा जावई

माझा जावई सर्गेई खुर्चीतच गेला होता. गल्लीतले डॉक्टर त्याचा हात मांडीवर नीट ठेवून उठत होते, तेवढ्यात त्याच्या फोनवर त्याच्या आईचा चेहरा आला. रोज सकाळी यायचा. नीना तिचं नाव, माझ्याच वयाची, रशियात एका लहान गावात एकटी राहते. तिला मराठी येत नाही, मला रशियन येत नाही. आधी माझी मुलगी वैशाली आम्हा दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची. ती वारल्यावर जावई सांगायचा. आता सांगणारं कोणी नव्हतं. मी हिरवं बटण दाबलं. ती हसून काहीतरी म्हणाली, त्याला दे म्हणाली असेल. मी म्हटलं, "सर्गेई गेला." तिला कळलं नाही. मग मी फोन त्याच्याकडे फिरवला... दुसरं काही सुचलं नाही. फोन परत माझ्याकडे वळवला तर त्यात तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. ती दिसत नव्हती.

आमच्या राजपुऱ्यात त्याला सगळे सर्जेराव म्हणायचे. तो गोलकीपर होता एवढं सगळ्यांना माहीत होतं. कसा होता ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली, फुटबॉल मला अजून कळत नाही. वैशाली डॉक्टरकी शिकायला तिकडे गेली, तिथल्या दवाखान्यात हा मोडलेलं बोट घेऊन आला, आणि पुढे एका जानेवारीत दोघं लग्न करूनच माझ्या दारात उभे राहिले. जानेवारीत, कारण तिकडे बर्फ पडला की खेळ बंद आणि खेळाडूंना सुट्टी. माझे यजमान तोवर वारले होते, त्यामुळे रागवायचं कामही मलाच करावं लागलं. रागावले. पण संक्रांत तोंडावर आली, आणि पहिल्या संक्रांतीला जावयाला हलव्याचा हार घालावाच लागतो. हा एवढा उंच की मला स्टुलावर चढावं लागलं. बायका वैशालीला नाव घे, नाव घे म्हणून छळत होत्या, तोवर यानं एक-एक दाणा तोडून अर्धा हार खाऊन टाकला. शेजारची सुमन म्हणाली, "काकू, जावई तुमचे दागिने खातोय." तेव्हा मला हसू आलं आणि राग संपला.

मी आधी त्याला अहो-जाहो करत होते. पण अहो म्हटलं की तो मागं वळून कोण आलं ते बघायचा, म्हणून अरे-तुरेवर आले. त्याच वेळी विचारलं, तू खेळतोस म्हणजे नेमकं करतोस काय?

"मी बसतो, आई."

मला वाटलं, चेष्टा करतोय. नव्हता करत. संघात तीन गोलकीपर असतात, खेळतो एक. बाकीच्यांनी तयारी ठेवून थंडीत बाकावर बसायचं. पळणाऱ्या खेळाडूला दमला म्हणून बदलतात, गोलकीपरला कोणी सहसा बदलत नाही. एका कारखान्याच्या गावातल्या क्लबात तो पोरवयात लागला आणि तिशीपर्यंत बहुतेक बसूनच होता. एकदा पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि याला उभं केलं. मग मात्र खेळला. वैशाली फोनवर दाखवायची. बाकीचे सगळे त्या टोकाला धावताहेत, आणि हा या टोकाला एकटा हातावर हात चोळत उभा. बघून मला बरं वाटायचं नाही. मी तिला म्हणायची, त्याच्याशी बोलायला तरी कोणी जातं का गं?

दोन वर्षं नीट गेली. नंतर एका सामन्यात चेंडू यायच्या आधीच हा पुढे गेला, चेंडू डोक्यावरून आत गेला आणि संघ खालच्या वर्गात उतरला. त्याच्याच गावातले लोक त्याला रस्त्यात शिट्ट्या मारायचे. त्या जानेवारीत इथे आला तेव्हा बोलतच नव्हता, अंगणात बसून माझ्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलायचा. त्याची बोटं सगळी वाकडी, माझ्या चार शेंगा होईपर्यंत त्याची एक व्हायची. मी त्याला म्हटलं, माझ्या स्वयंपाकाला तीस वर्षं कोणी चांगलं म्हटलं नाही, पण मीठ जास्त पडलं तो दिवस सगळ्यांच्या लक्षात आहे. वैशालीनं ते त्याला रशियनमध्ये सांगितलं. हातातली शेंग सोलून तो म्हणाला, "आई गोलकीपर." पुढे त्याचा खांदा निकामी झाला, खेळणं सुटलं. त्याच क्लबात तो नव्या गोलकीपरांना शिकवू लागला. बसायचं कसं तेही शिकवत असेल.

वैशाली तिकडेच आजाराने वारली. मला जाणं जमलं नाही. नीनाच्या गावात तिला पुरलं, मी ते फोनवर बघितलं. बर्फ आणि त्यावर काढून ठेवलेली काळी माती. इथे सगळे म्हणाले, मुलगी गेली की जावई गेलाच समजायचं, आता तो दुसरं लग्न करेल. मीही तसंच धरून चालले होते. जानेवारीत दार वाजलं तर हा बॅग घेऊन उभा. मी दारातच विचारलं, "कशाला आलास?"

"सुट्टी आहे, आई."

त्यानंतर दर जानेवारीत आला. दोघं फारसं बोलत नव्हतो. तो सकाळी तापीवर फिरून यायचा, येताना मावा जिलेबी आणायचा, मी मधुमेहाची बाई आहे हे त्याला कधी लक्षात राहिलं नाही. याही जानेवारीत फिरून आला, खुर्चीत बसला, मी चहा गाळत होते.

त्याला कुठं न्यायचं हा प्रश्न दुपारीच उभा राहिला. माझा पुतण्या दिलीप म्हणाला, "काकू, इथंच करून टाकू ना, तापीवर. परदेशात पाठवायचं म्हणजे बहुत झंझट आहे." माझ्याही मनात तेच होतं, झंझट म्हणून नाही. मुलगी तिकडे राहिली, तिच्या मातीला माझा हात लागला नाही. हा इथे राहिला असता तर घाटावर जाऊन बसायला मला एक जागा झाली असती. दिलीपनं खंडव्याची एक मुलगी फोनवर मिळवली, वैशालीबरोबर शिकलेली, रशियन येणारी. तिच्याकडून नीनाला विचारलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल माझा मुलगा मला द्या. म्हणाली असती तर मी भांडले असते. पण तिनं निरोप दिला की तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे, तो सुट्टीत तुमच्याकडेच जायचा.

मग मला भांडता येईना. मी एवढंच विचारलं, वैशालीच्या शेजारी जागा आहे का?

ती मुलगी म्हणाली, "आहे. ठेवलेली आहे म्हणतायत."

"मग पाठवा."

दिलीप चिडला, पण मुंबईपर्यंत पेटीबरोबर गेला. पुढे पेटी एकटीच गेली.

आता महिना उलटून गेला. स्वयंपाकघराची चौकट बुटकी आहे, तो आला की कपाळ आपटायचा, म्हणून मी तिथे वर गोधडीचा तुकडा खिळ्यांनी ठोकला होता. माझं डोकं तिथपर्यंत पोचत नाही, सुमनचंही नाही. धूळ बसते म्हणून तो काढायला मी स्टूल घेतलं, चढले, आणि झटकून तसाच ठेवून उतरले.

वैशाली तिकडे आहे, सर्गेई तिकडे आहे. त्यांच्यापाशी जायला नीना आहे. या घरात मी आहे.